पडत्या काचेकडे गेलेला हात

नवऱ्याचं कौतुक बायकोने चारचौघांत करू नये म्हणतात. कोण म्हणतं ते मला माहीत नाही, पण मी करणार आहे. ज्याला ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

आमच्या ह्यांचा धंदा काचेचा. खिडक्यांची तावदानं, कपाटांची दारं, आरसे, फोटोंवरच्या काचा, सगळं कापून देतात. दुकान लांबट आहे. पुढच्या भागात बसून मी फ्रेमा करते, मागे ह्यांचं कापायचं टेबल, आणि मधल्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा. माणूस कसा विचाराल तर हट्टी. बोलणं कमी, चहा विसरणार आणि मग तोच परत गरम करून मागणार. गर्व म्हणाल तर एकाच गोष्टीचा, स्वतःच्या बोटांचा. काचेच्या कडेवरून बोट फिरवलं की कुठे कपची उडाली आहे ते सांगायचे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात काच धरली की पट्टी न लावता जाडी सांगायचे. मी चिडवायची, "बोटांना डोळे फुटलेत तुमच्या." त्यावर नुसतं हसायचे. आवडायचं त्यांना ते.

आमच्या दुकानात एक नियम होता आणि तो देवाच्या वरचा होता. पडत्या काचेला हात लावायचा नाही. काच निसटली की हात वर, पाय मागे, आणि फुटू द्यायची. हातातून काही पडलं की झेलायला जाणं हे माणसाच्या अंगातच असतं, आणि काचेच्या धंद्यात तेच अंगाशी येतं. म्हणून नवा माणूस कामाला लागला की हे त्याच्याशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, आणि बोलता बोलता टेबलावरून काचेची एक टाकाऊ पट्टी खाली ढकलून द्यायचे. ज्याचा हात पुढे आला तो त्या दिवशी फक्त केर काढणार. लग्न झाल्यावर मी दुकानात बसायला लागले तर पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढेही पट्टी टाकली! माझा हात गेलाच. वर हे मलाच रागावले. म्हटलं, कसल्या माणसाच्या गळ्यात माळ घातली मी.

पण शिकले. इतकी शिकले की घरात कप निसटला तरी आम्ही दोघं हात वर करून उभे, पोलिसांनी पकडल्यासारखे. कपांचे किती जोड अर्धे राहिले त्याची गणतीच नाही.

आता तो दिवस. एका सलूनवाल्याने मोठा आरसा करायला टाकला होता, आणि तो न्यायला स्वतः आला होता. मी बुटक्या स्टुलावर बसून एका फ्रेमेच्या मागे पट्टी चिकटवत होते, आरशाकडे पाठ करून. आरसा लाकडी आधारावर उभा होता. हे सलूनवाल्याला त्याच्या कडा दाखवत होते. आधाराचा पाय खालच्या कागदावरून सरकला आणि आरसा सुटला. मला काही दिसलं नाही. नुसता आवाज झाला. वळून बघते तर माझ्या शेजारी जमिनीवर काचांचा खच, आणि ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं.

"अहो, हात कशाला घातलात!" मी ओरडले. रक्त मला त्यानंतर दिसलं.

सलूनवाल्याचं भलं होवो. त्याच्या खांद्यावर धुतलेला टॉवेल होता. त्याने तो मनगटाला गच्च गुंडाळला, हात डोक्याच्या वर धरायला लावला, आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला हॉस्पिटलात नेलं. स्वतःचा आरसा फुटल्याचा त्याने चकार शब्द काढला नाही. उलट पुढे कित्येक महिने आठवड्यातून दोनदा हा माणूस दुकान उघडायच्या आधी आमच्या घरी येऊन ह्यांची दाढी करून जायचा. का, तर ह्यांना वस्तरा धरता येत नव्हता. अशी माणसं भेटायला नशीब लागतं.

हाताचे डॉक्टर मोठ्या दुर्बिणीतून बघत कितीतरी वेळ शिवत बसले होते. ह्यांना खाटेवर आणल्यावर त्यांनी मला समोर बसवून सगळं नीट समजावलं, आणि मी मधेमधे तोंड घालत होते तरी चिडले नाहीत. बोटं ओढणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या जोडल्या. रक्त थांबलं. पण मनगटातून बोटांकडे जाणारी जाड नस, म्हणजे रक्ताची नाही, स्पर्श कळवणारी, तीही कापली गेली होती. "मज्जातंतू," ते म्हणाले. "तोही शिवलाय. पण मी फक्त बाहेरचं वेष्टण शिवू शकतो. आत हजारो बारीक तंतू असतात. जिथे कापलं त्याच्या पुढचे सगळे आता मरून जाणार. त्यांच्या नळ्या तेवढ्या रिकाम्या राहतील."

"मग?"

"मग वरच्या बाजूने नवे कोंब फुटतील आणि त्या नळ्यांमधून बोटांकडे सरकायला लागतील. दिवसाला फार तर एक मिलिमीटर."

मी माझ्याच मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत नजर फिरवली. एवढा लांब मला माझा हात कधी वाटला नव्हता.

"आणि पोचतील ना?"

"काही पोचतील, काही वाट चुकतील. वयही आहे. सगळं परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. हात हलेल, वस्तू धरेल. बोटांना काय आणि किती कळेल, ते वर्षभराने बघू."

म्हणजे सगळं त्यावर आलं. हात हलून काय उपयोग? ज्याच्या बोटांना काचेची कड कळत नाही त्याने काच कापायची म्हणजे रोज नवी जखम. हे बाजूला आडवे पडून ऐकत होते. डाव्या बोटांनी चादरीची कड चाचपत राहिले.

पट्टी सुटली तेव्हा हात दिसायला धडधाकट होता. पण अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, ही तिन्ही मुकी. अनामिकेची गंमत तर विचारूच नका, तिचं अर्धं अंग जागं आणि अर्धं झोपलेलं! करंगळी तेवढी शाबूत, कारण तिची नसच वेगळी, वेगळ्या रस्त्याने येणारी. त्यामुळे घरातला सगळा कारभार करंगळीकडे आला. दूध कोमट आहे का बघायचं, करंगळी. फोनची बटणं दाबायची, करंगळी. एवढा दणकट माणूस सारखी करंगळी पुढे करून वावरायला लागला की मला हसू यायचं. एकदा हे भांडी विसळून आले तेव्हा मी त्यांचा हात बघितला. करंगळीचं टोक पाण्याने सुरकुतलं होतं, आणि ती तीन बोटं गुळगुळीत, भिजलीच नसावीत तशी. पाण्यात बोटं सुरकुततात तेसुद्धा नसांमुळे, हे मला तेव्हा समजलं.

एका सकाळी आम्ही स्वयंपाकघरात बोलत उभे होतो. शेगडीवर पाणी उकळत होतं. मला कसलातरी वास आला.

"अहो, काहीतरी करपतंय."

"मग गॅस बारीक कर," हे म्हणाले.

करपत होतं ते ह्यांचं बोट. बोलता बोलता उजवा हात भांड्याच्या काठावर टेकवला होता आणि तो तिथेच होता. मी हिसका देऊन हात ओढला. बोटावर टरारून फोड आला होता. हे त्या फोडाकडे असे बघत होते की जणू दुसऱ्याच कोणाचं बोट आहे. "अगं, मला कळलंच नाही," म्हणाले. आजवर मी ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाच्या बाईंकडे घेऊन गेले. अपघाताला दोन महिने झाले होते आणि हे जायचं टाळत होते. बाई कसल्या, मुलगीच. खोलीत एक उंच टेबल, तांदळाने भरलेलं टोपलं, ब्रश, कापूस, खरखरीत कागद, आणि भिंतीवर माणसाच्या सगळ्या नसांचं चित्र. तिने फोड बघितला आणि ह्यांना असं झापलं की मलासुद्धा तसं जमलं नसतं. मला ती बाई तिथेच आवडली.

झापून झाल्यावर तिने समजावलं. "काका, गरम भांड्याला बोट लागलं की निरोप हातातून वर पाठीच्या कण्यात जातो. तो मेंदूपर्यंत पोचायची वाट कणा बघत नाही. तिथल्या तिथे हुकूम सुटतो, हात मागे घ्या. मेंदूला मागाहून कळतं. म्हणून हात आधी मागे येतो आणि 'आई गं' नंतर निघतं. तुमचा कणा ठणठणीत आहे, हुकूम द्यायला तयार बसलाय. पण बोटातून निरोपच निघत नाही, तर तो तरी काय करणार?"

"हात माझा आणि मला न विचारता हलणार?" हे म्हणाले. काचेच्या धंद्यातल्या माणसाला हे पटेना.

"काकू, जरा इथे बसा," ती म्हणाली. मी त्या उंच टेबलावर पाय सोडून बसले. तिने रबरी हातोडी घेतली आणि माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली टक्‌ करून मारली. माझा पाय असा काही उडाला की चप्पल सुटून थेट ह्यांच्या पोटावर!

"अहो, मी मुद्दाम नाही मारली!"

"माहितेय," हे म्हणाले. "तुझ्या कण्याने मारली." आणि हसायला लागले. अपघातानंतर हे पहिल्यांदा हसले. माझी चप्पल हातात घेऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. त्या हातोडीला मी मनातल्या मनात हात जोडले.

मग मी तिला दुकानातला नियम सांगितला आणि म्हटलं, "म्हणजे आरसा पडताना ह्यांचा हात गेला तोही असाच गेला असणार."

"तेच तर मी कधीपासून सांगतोय," हे लगेच म्हणाले. "हात आपोआप गेला."

कारण घरात दोन महिने हेच चाललं होतं. मी म्हणायची, सगळ्या जगाला शिकवलं आणि एका आरशापायी स्वतःचा हात घातलात, आरसा मोठा की हात? आणि हे म्हणायचे, गेला हात, मी काय करू. विषय तिथेच संपायचा, दुसऱ्या दिवशी मी परत काढायची.

पण ती मुलगी कामात चोख. चुकीचं बोललेलं तिला सोडवेना. "नाही काका, ते वेगळं," ती म्हणाली. "चटका लागला किंवा हातोडी बसली तर ते कण्यातल्या कण्यात होतं. पडणारी वस्तू आधी डोळ्यांना दिसते. डोळे मेंदूला सांगतात, आणि मग मेंदू हाताला पाठवतो. होतं ते झटक्यात, तुम्हाला कळतसुद्धा नाही, पण वरून हुकूम आल्याशिवाय हात जात नाही. आणि तुम्ही तर हात मागे घ्यायची सवय लावून घेतलेली. सवयीवर सोडलं असतं तर तो मागेच गेला असता. आरसा पडत कुठे होता?"

हे तांदळाच्या टोपल्यात हात घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठे पडत होता?" मी विचारलं.

"तू खाली बसली होतीस ना," हे तांदळाशी बोलल्यासारखे म्हणाले. "पाठमोरी."

तेवढंच. मग त्या परक्या मुलीसमोर मी पदर तोंडाला लावून रडले. ती बिचारी गोंधळली. तिने मला पाणी दिलं, आणि ह्यांना म्हणाली, तुम्ही तांदूळ चालू ठेवा.

घरी येताना मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू स्वतःला खात बसली असतीस."

"म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्यात?"

"त्याची सवय आहे," हे म्हणाले.

आता अशा माणसाचं कौतुक करू नको तर काय करू?

त्या मुलीचा एक व्यायाम आरशाचा होता. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा. उजवा हात त्याच्या मागे लपवायचा आणि डावा पुढे ठेवायचा. आरशात बघितलं की डाव्याचंच प्रतिबिंब उजव्यासारखं दिसतं. मग मी डाव्या बोटाला ब्रश लावायचा आणि ह्यांनी आरशातल्या बोटाकडे बघत राहायचं. ती म्हणाली, मेंदूत प्रत्येक बोटाची आपली जागा असते. निरोप येईनासे झाले की ती जागा ओस पडते, आणि रिकाम्या खोलीत शेजारी सामान आणून टाकतात तशी बाकीची बोटं ती बळकावतात. आरशात बघून मेंदूला वाटत राहतं की जुने भाडेकरू, म्हणजे ती मुकी बोटं, अजून इथेच आहेत.

ह्यांना ते सगळं पटलं, पण तिचा आरसा पटला नाही. "काचेत लहर आहे," म्हणाले. "ह्यात माझा हात मला दुसऱ्याचाच दिसतो." मग आपल्या दुकानात आरशांना काय तोटा? तोटा नव्हता, पण हव्या त्या मापाचा कापणार कोण? हे कापू शकत नव्हते. मी जन्मात काच कापली नव्हती, फक्त फ्रेमा.

"तू काप," हे म्हणाले.

मी कापली. हे मागे उभे, दोन्ही हात पाठीशी बांधून, आणि तोंड मात्र सुटलेलं. रेघ एकदाच ओढ. परत फिरवू नकोस. दाबू नकोस गं, लाटणं नाही ते! आवाज ऐक, आवाज एकसारखा यायला हवा. पहिली काच भलतीकडेच तडकली. दुसरीच्या कोपऱ्याचा तुकडा उडाला, आणि त्यावर आमचं असं भांडण झालं की समोरचा दुकानदार बघायला आला. तिसरी कटकन सरळ तुटली. ह्यांनी तिच्या कडेवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि म्हणाले, "चालेल." आमच्या घरात यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

त्या आरशावर आमच्या दुपारी जायच्या. दुकान थंड असलं की मी ब्रश घेऊन बसायची. एवढा वेळ ह्यांचा हात मी लग्नातसुद्धा धरला नव्हता. डाव्या मधल्या बोटाला ब्रश लागला की आरशात बघून हे उजवा खांदा आकसून घ्यायचे. पुढे ती मुलगी मनगटापासून बोटानेच टकटक करत खाली यायची. कुठेतरी ह्यांना मुंग्या यायच्या. ती म्हणायची, कोंब इथवर आलेत. मी फ्रेमेवर खूण करायची पेन्सिल काढून तिथे तळहातावर ठिपका द्यायची. पुढच्या खेपेला मुंग्या ठिपक्याच्या पुढे सरकलेल्या असायच्या. ह्यांच्या हाताला मुंग्या आल्या म्हणून आनंद मानणारी मीच एक बायको असेन.

मुंग्या बोटांच्या टोकांपर्यंत पोचल्या तेव्हा मी गल्लीत सगळ्यांना सांगून आले. पण पोचल्या त्या सगळ्या गोंधळ घालून. तंतू भलत्याच नळ्यांत शिरले होते. पहिल्या बोटाला कापूस लावावा तर हे डोळे मिटून म्हणायचे, मधलं. मधल्याला लावावा तर म्हणायचे, अंगठा असेल. आणि कळायचं तेही पुसट, जाड मोजा घातल्यासारखं. ती मुलगी म्हणाली, चालायचंच, आता मेंदूला नवे पत्ते शिकवायचे. आम्ही शिकवत राहिलो. पण नंतर सगळं तिथेच अडकलं. एक ऋतू गेला, दुसरा आला, फरक म्हणून नाही. मी डोळे मिटायला लावून त्यांच्या हातात एक जाड आणि एक पातळ काच द्यायची. हे दोन्ही चाचपायचे, परत चाचपायचे, आणि खाली ठेवून द्यायचे. उत्तर द्यायचेच नाहीत.

तोवर दुकान मीच ओढत होते. छोट्या काचा मी कापायची, मोठी कामं परत पाठवायची. एक दिवस हे म्हणाले, "टेबल देऊन टाकू."

"कोणाला?"

"नवीन दुकान काढणारा एकजण विचारतोय. नुसत्या फ्रेमा करू आपण. माझ्या बोटांचं काय ते आता कळलंय."

मी भांडले. पण माझ्या भांडणात जोर नव्हता, कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं. ते टेबल म्हणजे ह्यांचं सगळं आयुष्य. आत आणताना दाराच्या फळ्या काढाव्या लागल्या होत्या एवढं मोठं, वर जाड लोकरीचं कापड ताणून बसवलेलं. ते गेलं की हा माणूस दुकानात नुसता पाहुण्यासारखा बसून राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

टेबलाचं गिऱ्हाईक एका सकाळी आलं. तरुण काचवाला होता, बोलायला गोड. त्याने वाकून टेबलाचे पाय बघितले, लांबी मोजली, खूष झाला. मग कापडावर हात टेकणार तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा, एकदा पुसून देतो." ब्रशने आधीच झाडलं होतं, तरीही आपल्या मालावरून शेवटचा हात फिरवावा तसा ह्यांनी कापडावरून तळवा फिरवला. कुठला हात ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. उजवाच होता.

अर्ध्यावर तो हात उडाला. टेबलावरून वीतभर वर. आणि मग ह्यांच्या तोंडून निघालं, "आई गं!"

मी हातातली फ्रेम टाकून धावले. ह्यांनी मधलं बोट घट्ट धरलं होतं आणि त्याच्याकडे बघत होते. बोटावर काही नव्हतं.

"काय झालं?"

"टोचलं काहीतरी. ह्यात. बघ ना."

मी हात उजेडात धरला. मधलं बोट स्वच्छ. पण शेजारच्या, पहिल्या बोटाच्या टोकाला रक्ताचा एवढासा थेंब आला होता, आणि त्यात काचेचा कण चमकत होता.

"अहो, हे बोट नाही, ते! पहिल्यात आहे!"

"काहीतरीच. मधलंच दुखतंय."

"मी बघतेय ना डोळ्यांनी!"

"आणि दुखतंय मला की तुला?"

असं दोघंही बोललो आणि दोघंही थांबलो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. तो काचवाला म्हणाला, "काकू, औषध आणू का? लागलंय का फार?"

"लागलंय हो!" मी म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं, हसूही यायला लागलं. "फार लागलंय!"

कापडात रुतलेला कण डोळ्याला दिसत नाही. ब्रशलाही लागत नाही. ह्यांनी डोळे मिटले, पुन्हा कापडावर बोटं ठेवली, आणि अगदी हलके हलके पुढे नेली. बोटाचं रक्त लोकरीला लागत होतं, मी काही बोलले नाही. कोपऱ्याजवळ हात थांबला. "इथे अजून एक आहे," हे म्हणाले. मी नखाने उचकटलं तर होता, मोहरीएवढाही नाही.

मी त्या काचवाल्याला म्हटलं, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा. टेबल विकायचं नाही." तो भला माणूस, कुरकुर न करता मोजपट्टी गुंडाळून गेला. त्याचं दुकान उदंड चालो.

हे अजून टेबलाशीच उभे होते, ते बोट समोर धरून. सुजलेलं नाही, फार कापलेलं नाही, एक थेंब रक्त. "अगं, दुखतंय," म्हणाले. मी पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"दुखू दे," मी म्हटलं.